सासूबाईंना परत आणणाऱ्या दिग्दर्शकाचे मृत्युपत्र

मी, कैलास मारुती असवले, वय एकाहत्तर, चित्रपट व मालिका दिग्दर्शक, राहणार लोणावळा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा पहिला चित्रपट पाहिलेले लोक तो मागतीलच.

१. लोणावळ्याचे स्वकष्टार्जित घर, बँकेतील ठेवी आणि माझ्या माहितीपटांचे हक्क पत्नी हिरा हिला मिळावेत. नातेवाईक कारण विचारणार, म्हणून लिहितो. हिरा माझ्या मालिकेत सासू होती. वाहिनीच्या एका अधिकाऱ्याने फर्मावले, "म्हातारीला मारा, प्रेक्षक वाढतील." मी तिला पुरात वाहून जाताना दाखवले. दुसऱ्या दिवशी वराळ्याच्या आमच्या घरी शेजारच्या धोंडाबाई पिठलं-भाकरी घेऊन हजर. सुतकाच्या घरी नेतात तशी.

"भाऊ, लय वाईट झालं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पर बॉडी गावली न्हाई ना? मंग आना की परत!"

मी आणली, वाहिनीला न विचारता. वाहिनीने मला काढून टाकले. हिराने मेकअप पुसला आणि सेटवर सगळ्यांदेखत सांगितले, "आता मला खरंच मेली समजा." पुढे आम्ही दोघांनी मावळातल्या वाड्यावस्त्यांवर माहितीपट केले, आणि साठीला टेकल्यावर लग्न.

२. वराळ्याच्या जमिनीतील माझा हिस्सा पुतण्या आकाश यास. तो लग्नाला आला नाही. "लोक हसतील," म्हणाला. लोक हसलेच, जेवूनही गेले. अट एकच: हिराला 'काकू' म्हणावे. 'मॅडम' चालणार नाही.

३. गळ्यात अडकवून फ्रेम ठरवायचा माझा व्ह्यूफाइंडर कॅमेरामन लखन यास. तो माझी फ्रेम मान डोलावून ऐकायचा आणि स्वतःचीच लावायचा. आता उघडपणे लावावी.

४. मालिकेतल्या सासूबाईंचा हार घातलेला फोटो वाहिनीच्या त्या अधिकाऱ्यास. खिळा त्याने स्वतः ठोकावा.

५. शोकसभेत कोणीही मला 'काळाच्या पडद्याआड' पाठवू नये.

या सर्वाची अंमलबजावणी वकील समीक्षा गराडे यांनी करावी.

हे सगळे हिराला वाचून दाखवले. तिने विचारले, "आणि मी आधी गेले तर?"

त्यासाठीचे कलम सोबत जोडले आहे. ते समीक्षाताईंच्या अक्षरात आहे. मला लिहवले नाही.

सही: कैलास मारुती असवले

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. डॉ. करण ढोरे
२. अंबाजी म्हाळसकर

वडगाव मावळ, १४ नोव्हेंबर २०२४