डाव्या हाताचा निबंध

अलिबाग, ४ फेब्रुवारी १९२८
मैदानात सिनेमाचा तंबू पडलाय. वहिनी आणि मी गेलो. दादा पुरुषांत, पुढे. आम्हां बायकांना नेहमीप्रमाणे पडद्याच्या पाठीमागे. ओल्या कापडातून चित्र आरपार दिसतं, तेवढं बायकांना पुरे म्हणे. मधूनमधून येणारी अक्षरं मात्र उलटी. मी ती सुलटी करून मोठ्यानं वाचत होते, सगळ्याजणी माझ्याभोवती. घसा बसला. गोष्ट एका सुनेची, नवऱ्यानं छळलेली. घरी येऊन जेवण गेलं नाही.

७ फेब्रु.
पुण्याच्या एका मासिकानं चित्रपटावर परीक्षणात्मक निबंध मागवलेत. निवडलेला छापणार, लिहिणाराच्या नावानिशी. मी शिकवते त्या मुलींच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, लिहाच बाई. सहा पानं लिहून दाखवली. निव्वळ गोष्ट. हे.मा. म्हणाले, "गोष्ट सगळ्यांनी पाहिलीय. ती तशी का दाखवली, ते सांगा." पानं चुलीत घातली. वहिनीचा चहा झाला त्यावर.

१० फेब्रु.
पुन्हा गेले. या खेपेला गोष्टीकडे लक्षच दिलं नाही, नुसतं त्या सुनेकडे पाहिलं. आणि सापडलं. ती नवऱ्याला डाव्या हातानं वाढते. देवाला फूल, डाव्यानं. सासूच्या हातावर तीर्थ, तेही डाव्यानं. मान खाली, तोंडातून शब्द नाही, आणि हात मात्र... चित्र काढणारा बेटा हुशार. पदरही उजव्या खांद्यावर, गुजराती तऱ्हेचा. मुंबईची फॅशन असेल, सोडून दिलं.
मला असलं काही सुचलं नव्हतं. चार वर्षं त्या घरात राब राब राबले, तरी "बहिणीला घेऊन जा" म्हणून दादाला पत्र आलंच.

१६ फेब्रु.
निबंध झाला. मुद्दा एकच, प्रसंग तीन, तिन्हींत तोच हात. बाकी जे जे आवडलं होतं ते सगळं गाळलं, जिवावर आलं तरी. हे.मा. खूश. "डाव्या हाताचा मुद्दा बिनतोड आहे." टपालात टाकला.

५ मार्च
स्वीकारला! एप्रिलच्या अंकात येणार. नावापुढे नवऱ्याचं लावायचं की वडिलांचं, विचारलंय. वडिलांचं कळवलं. त्या घरी हे मासिक येतं. सासरे पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. वाचू देत. एवढ्याचसाठी लिहिला, खोटं कशाला बोलू.

११ मार्च
मेले मी. सकाळी दादाला नक्कल वाचून दाखवली. तो म्हणाला, "डावा कुठला? उजव्यानंच वाढत होती की. मी पुढेच होतो." भांडले त्याच्याशी. मग कागदावर बाई काढली, तिच्या हातात पळी दिली, खिडकीशी उजेडात धरला आणि मागच्या बाजूनं पाहिलं.
अक्षरं तेवढी उलटवत बसले, हात उलटवायचं काही सुचलं नाही. बावळट कुठली! त्या घरचे पुरुष सगळे पुढे खुर्च्यांवर बसणारे. हसून हसून लोळतील.

१२ मार्च
हे.मा.कडे गेले. तेही पुढेच बसले होते. मग बिनतोड कसं म्हणालात? म्हणे, "मला वाटलं, बायकांचं लक्ष असतं अशा बारीकसारीक गोष्टींकडे." स्वतः पाहिलेलं यांना धड आठवत नाही, आणि मला शिकवतात कसं पाहायचं ते. वर सल्ला, आजारी आहे म्हणून लिहा, निबंध मागे घ्या, बभ्रा नको. चहासुद्धा न घेता उठले.

१४ मार्च
थळची जानकी कोळीण मासळी घेऊन आली. त्या दिवशी माझ्याच शेजारी होती. विचारलं, कुठल्या हातानं वाढत होती गं ती?
"डाव्या. त्या मेल्याला तसाच पायजे. आमी सगल्या वाटंनं त्याच बोलत व्हतो."
म्हणजे मी एकटीच नव्हे. पडद्यामागे बसलेल्या साऱ्याजणींनी तेच पाहिलं, आणि एकीलाही खटकलं नाही. मनातून खूशच झाल्या. वहिनीला विचारलं तर ती नुसती हसली.
बसले लिहायला. पहिलं वाक्य: आम्ही बायका पडद्याच्या मागे बसतो, म्हणून आम्हांला निराळंच चित्र दिसलं. पुढचं आपसूक येत गेलं, जेवायला उठले नाही. हा पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला झालाय. मला कोणी सांगायला नको. पाठवला, आधीचा छापू नका अशा चिठ्ठीसकट.

२२ मार्च
संपादकांचं पत्र. दुसरा निबंध चित्रपटाविषयी नसून स्त्रियांच्या बसण्याविषयी आहे, सबब साभार परत. पहिला उत्तम, छापखान्यात त्याचे खिळे जुळवून तयार आहेत. "हात डावा होता की उजवा, हे कोण तपासायला जातो? आपण निश्चिंत असावे." तरीही छापू नये असं वाटल्यास तीन दिवसांत तार करावी.
म्हणजे चुकीचा चालतो. खरा चालत नाही.
दादा म्हणतो, छापतायत ना, मग गप्प बस. वहिनी दुसरा निबंध मागून घेऊन गेली, माजघरात बसून अक्षर अक्षर लावत वाचतेय. अजून दुसऱ्याच पानावर आहे.

२४ मार्च
तारेचा फॉर्म आणलाय. पत्ता घातला. "छापू नका", एवढंच लिहायचं.
नाही लिहिलं तर त्या घरी अंक जाईल. हसतील. पण माझं वाचतील तरी.
तारघर पाचला बंद होतं. साडेतीन झालेत.