मंदाचा बूट

अहो,

पहाटे कडी वाजली तेव्हा मी जागीच होते. पहिल्या फेरीला निघताना माणसाला शिव्या देऊ नयेत, म्हणून गप्प राहिले. सुरतेहून आलात की या चिठ्ठीत वाचा.

तुम्ही गेल्यावर बघते तर मंदाचा एकच बूट. नजर लागू नये म्हणून ट्रकला जुना जोडा बांधतात, हे मलाही ठाऊक आहे. पण आपल्या घरात जुना जोडा कुठला? पोरीला जन्मात पहिल्यांदा बूट घेतले, तेही मी मिठागरात टोपल्या वाहून. आता शाळेत काय एका पायाने जाईल? लायसनसाठी माझ्या बांगड्या मोडल्यात, तेव्हा ब्र काढला नाही. आता लेकराच्या पायातलंही काढलंत!

दुसरा बूट मी दाराला टांगलाय. नजर काय फक्त शेठच्या ट्रकलाच लागते?

तांदूळ डब्यात आहेत, शिजवून खा. माझ्याशी बोलू नका.

मंदा मांडीवर बसलीय. बूट कुठे गेला ते तिला नीट समजावून सांगितलं, तर विचारतेय, "आई, बूट नेला नसता तर बाबांना काय झालं असतं?"