परत केलेला नारळ

ग्रेनाडा, २६ मे २०१८

प्रिय संगिता,

स. न. वि. वि. विनंती अशी की हसू नकोस, आणि विशेष असं की मी आता शिडी चढून घरात जाते.

इथे जूनपासून वादळांचे दिवस. त्याआधी बोटीवर राहणारे सगळे आपापल्या शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढतात. आमची 'टिटवी'ही परवा क्रेनने उचलून यार्डात आणली आणि लोखंडी टेकू लावून उभी केली. बेटाबेटांवरून हिंडणं संपलं, आता नोव्हेंबरपर्यंत जमीन. भांडी घासलेलं पाणी वरून सोडता येत नाही, खाली कुणाच्या तरी डोक्यावर पडेल. म्हणून उष्टी भांडी बादलीत घालून खाली न्यायची, नळावर घासायची आणि पुन्हा वर. फ्रिज समुद्राच्या पाण्यावर थंड होतो, तोही बंद. आई फोनवर म्हणाली की आशागडला प्लॉट घेतला असता तर निदान जिना मिळाला असता. त्यातून बोटीचं नाव टिटवी. असलं अशुभ नाव कुणी ठेवतं का, म्हणून तिने अजून जावयाला माफ केलेलं नाही.

जतीन काल गेला. वादळांचे महिने तो मालवाहू जहाजावर इंजिनियरचं काम करणार, त्या पगारावर आमचं उरलेलं वर्ष चालतं. बोटीपाशी कुणीतरी हवं म्हणून मी राहिले. त्याची टॅक्सी गेली तरी मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून होते. वर जाऊन काय करायचं तेच सुचेना.

उमेश आला का गं वेरावळहून? गंमत बघ, तुझा नवरा बोटीवरून घरी येतो तेव्हाच माझा जातो. तुझ्या पाड्यावर फोन लागत नाही याचं या वेळी मला बरं वाटतंय. तुझं अक्षर बघायला मिळेल.

तुझा लोभ आहेच, तो शिडी चढून वर येईल एवढा असू दे.

तुझी,
मयुरा

तलासरी, १७ जून २०१८

प्रिय मयुरा,

स. न. वि. वि. तुझं पत्र पोस्टमनने बालवाडीत आणून दिलं. तिकिटावर जायफळाचं चित्र होतं. माझ्या मुलांनी तो चिकू आहे असं ठरवलं आणि मी कितीही सांगितलं तरी ऐकलं नाही.

उमेश आलाय. वाळलाय, काळा झालाय, पण आलाय. आल्या आल्या छपरावर चढला, मग नांगर काढला. जिवलीआई, माझ्या सासूबाई, शेजारणीला सांगत होत्या की आमची मास्तरीण पावसाळ्यातच तेवढी हसते, बाकी वर्षभर शाळा तपासायला साहेब आल्यासारखं तोंड करून फिरते. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खोटं काय आहे त्यात? लग्नाला तीन वर्षं झाली आणि आम्ही एकत्र राहिलो ते फक्त पावसाळे. नारळी पौर्णिमा झाली की तो रामनाथ तांडेलाच्या बोटीवर जातो, त्या मासेमारीच्या बोटीवर सगळ्या खलाशांचं जेवण रांधतो, आणि येतो तो मृगाच्या तोंडावर.

तुला एक विचारायचं आहे. मागच्या वर्षी जाताना तो म्हणाला होता की आता कंटाळा आला गं. ते वाक्य मी वर्षभर धरून बसले आहे. कोसबाडच्या बाजूला एक रोपवाटिका आहे, तिथे कलमं बांधायला माणूस हवाय. मी विचारून आले. घेतो म्हणाले.

रामनाथ तांडेलाची रीत तुला ठाऊक नसेल. हंगामाआधी तो आपल्या प्रत्येक खलाशाच्या घरी येतो आणि ओट्यावर एक नारळ ठेवतो. नारळ घरात नेला की माणूस हंगामभर त्याचा. परत हातात दिला की मोकळा. माणूस घरी नसेल तर आई किंवा बायको घेते. आमच्या पाड्यावर अजून कुणी परत दिलेला नाही. मी दिला तर? उमेशला विचारलं तर तो हसून म्हणेल, तू म्हणशील तसं, आणि नारळ उचलून आत ठेवेल. मी त्याला ओळखते. घरात पहिली बी. ए. झाले ती काय फक्त गाणी शिकवायला? पालकसभेत बायांना सांगते की तोंड उघडा, आणि स्वतः दरवर्षी नाक्यावर उभी राहून हात हलवते. तुझं मत लवकर कळव.

तुझ्या आईकडे, बकुळामावशीकडे, रविवारी जाऊन येईन. शिकत असताना तिच्याकडे राहिले, तेव्हापासून ती मला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. तुझ्या वाटणीचे चिकू मीच खाईन.

आहे तेवढा लोभ ठेव, वाढवलास तर हरकत नाही.

तुझी,
संगिता

ग्रेनाडा, ८ जुलै २०१८

प्रिय संगिता,

स. न. परत कर. हेच आधी लिहिते म्हणजे पत्र भिजलं तरी एवढं वाचता येईल.

कुणाची तरी वाट बघण्यात आयुष्य घालवायला आपण शिकलो नाही. तो तोंडाने म्हणाला ना कंटाळा आला? मग तुला आणखी काय हवं? बिचाऱ्याला नाही म्हणता येत नसेल तर त्याच्या वतीने तू म्हण. मला असा नारळ परत करता आला असता तर मी मे महिन्यातच केला असता.

इथे रोज सकाळी बोटींच्या आपसात बोलायच्या रेडिओवर एक बाई सगळ्या बोटींना सुप्रभात म्हणते. मग बाजाराला बस किती वाजता, कुणाकडे जुना पंप आहे, कुणाला कुत्र्यासाठी डॉक्टर हवाय, असं चालतं. शेवटी विचारते की नवीन कुणी आहे का, बोला. मी माईक हातात घेते आणि ठेवून देते. बोटीवरून जोडीने उतरलेली माणसं सगळी. नवरा खाली तळ घासतो, बायको वरून पाणी देते, दोघं भांडतात. त्यांचं भांडणसुद्धा मी खिडकीशी बसून ऐकते. बाजारात जाते तेव्हा मिनीबसमध्ये चढताना प्रत्येक जण सगळ्यांना नमस्कार करतो. मला ते इतकं आवडतं की एकदा काही काम नसताना मी जाऊन आले.

उमेशला माझा नमस्कार. त्याला म्हणावं, जमिनीवर स्वागत आहे.

लोभाची गरज या महिन्यात जरा जास्त आहे.

मयुरा

तलासरी, १४ ऑगस्ट २०१८

प्रिय मयुरा,

स. न. वि. वि. केलं.

उमेश भाताच्या आवणीसाठी बहिणीच्या, धाकलीच्या पाड्यावर गेला होता. रामनाथ तांडेल भर पावसात आला. ओट्यावर नारळ ठेवून छत्री मिटतच होता, तोवर मी तो उचलून त्याच्या हातात दिला. त्याला वाटलं मला कळलं नाही. हसून म्हणाला की पोरी, हा आत न्यायचा असतो. मी म्हटलं की ठाऊक आहे. मग त्याने विचारलं की हा उमेशचा शब्द आहे का. मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. तो नारळ पिशवीत घालून गेला. जिवलीआई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की एवढी शिकली, पण दुसऱ्याचं देताना त्याला विचारायचं असतं हे कुणी शिकवलं नाही.

उमेश संध्याकाळी आला. मी सगळं सांगितलं, रोपवाटिकेचंही. तो पाय धूत होता, धूतच राहिला. मग विचारलं की तांडेलाला चहा दिला होतास का. मी म्हटलं नाही, तो थांबलाच नाही. एवढंच आमचं बोलणं.

उद्या झेंडावंदन आहे, मुलांची तयारी करायची आहे. मी आनंदात आहे, मयुरा. आनंदात असायला हवं. पहिल्यांदाच दिवाळीला तो घरी असेल.

लोभ असू दे, आणि धीरही पाठव.

तुझी,
संगिता

ग्रेनाडा, १० सप्टेंबर २०१८

प्रिय संगिता,

स. न. घाईत लिहिते. वादळ येतंय असं रेडिओ सांगतोय. सगळे जण बोटी पट्ट्यांनी जमिनीला बांधताहेत. शेजारच्या जर्मन आजोबांनी माझीही बांधून दिली आणि विचारलं की नवरा कुठे आहे. मी म्हटलं, समुद्रावर. ते म्हणाले की मग तो तुझ्यापेक्षा बरा आहे.

तुझं पत्र वाचून आनंद झाला, आणि खरं सांगू, हेवाही वाटला. तुझं माणूस घरात आहे.

मयुरा

तलासरी, ३ ऑक्टोबर २०१८

प्रिय मयुरा,

स. न. वि. वि. वादळाचं काय झालं ते आधी कळव. बकुळामावशी रोज देवाजवळ दिवा लावते आणि टिटवीला शिव्या देते. दोन्ही एकदमच.

माझं माणूस घरात आहे असं तू लिहिलंस. तो घरात नाही गं. सकाळी सायकलने रोपवाटिकेत जातो, संध्याकाळी येतो. काम चांगलं करतो. तिथले साहेब म्हणाले की याने बांधलेली गाठ सुटत नाही. घरी आला की ओट्यावर बसतो. मी विचारते काय झालं, तो म्हणतो काही नाही. परवा जिवलीआईंना ताप होता आणि मी सभेला गेले होते, म्हणून त्याने भात टाकला. परत आले तर मोठ्या टोपात अख्ख्या बोटीचा भात. हात सवयीने गेला म्हणाला. जिवलीआई अंथरुणातून म्हणाल्या की आता वेरावळला निरोप धाडा, जेवायला या. आम्ही तिघंही हसलो. मग तो उठून भात पाड्यावर वाटायला गेला, आणि परत यायला त्याने फार वेळ लावला.

तो बोटीवर असायचा तेव्हा मी एकटी जेवायचे, पण मनात त्याच्याशी बोलायचे. आता तो समोर जेवतो आणि मला बोलायला कुणी नाही. हे मी कुणाला सांगू? पाड्यावरच्या बाया म्हणतात की मास्तरणीने नवरा सोडवून आणला. दोघींनी तर विचारलं की आम्हीही नारळ परत देऊ का. मी त्यांना काय उत्तर देऊ, मयुरा?

तुझ्या लोभावर सध्या उभी आहे.

संगिता

ग्रेनाडा, २७ ऑक्टोबर २०१८

प्रिय संगिता,

स. न. वि. वि. वादळ आमच्या वरच्या अंगाने गेलं. यार्डात एकही बोट पडली नाही. रात्रभर मी एकटी आत होते आणि सकाळी रेडिओवरच्या बाईने नावं घेऊन विचारायला सुरुवात केली तेव्हा माईक उचलून म्हटलं, टिटवी, ठीक आहे. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तेव्हापासून रोज बोलते. जर्मन आजी मला कणीक मळायला बोलावते, तिला पोळ्या शिकायच्या आहेत. तिच्या पोळीचा आकार अजून कुठल्याच बेटाशी जुळत नाही.

जतीन परवा आला. मला वाटलं होतं आल्यावर खूप बोलू. तो बोटीभोवती फिरला, हात लावून बघत राहिला आणि म्हणाला की पट्ट्या कुणी बांधल्या, चुकीच्या बांधल्यात. मी इतकी चिडले की शिडी उतरून निघून गेले. मग कळलं की तो नसताना काही तरी घडून गेलं, त्यात त्याला हात लावता आला नाही, हे त्याला बोचत होतं. आम्ही भांडलो, मोठ्याने. शेजारच्या बोटीच्या खिडकीत कुणीतरी बसलेलं दिसलं. मग बरं वाटलं.

संगिता, जुलैत मी तुला जे लिहिलं ते तुझ्यासाठी नव्हतं. या शिडीवर बसून मी ते जतीनला लिहीत होते, पाकिटावर नाव तेवढं तुझं घातलं. तू उमेशला अजून एकदाही विचारलेलं नाहीस. काय झालं असं विचारतेस. काय हवं होतं असं विचार, आणि उत्तर येईपर्यंत तू बोलू नकोस. तुला ते कठीण जाईल.

पुढच्या आठवड्यात टिटवी पाण्यात जाईल.

तुझी,
मयुरा

तलासरी, २६ नोव्हेंबर २०१८

प्रिय मयुरा,

स. न. वि. वि. विचारलं.

शेतात भात झोडून झालं होतं, दोघंच होतो. तू म्हणालीस तशी गप्प बसले. त्याने पेंढा बांधला, भारा उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला की नारळ मीच परत देणार होतो. यंदाच. बाप गेल्यावर रामनाथ तांडेलाने त्याला बोटीवर घेतलं, रांधायला शिकवलं, पहिल्या तुफानात कमरेला दोर बांधून जवळ बसवलं. त्याच्या हातात नारळ देऊन, पाया पडून, स्वतःच्या तोंडाने सांगायचं असं त्याने ठरवलं होतं. धाकलीकडे आवणीला गेला तो तेच शब्द जुळवत. आता तांडेलाला वाटतं की उमेश बायकोच्या आड लपला. मी म्हटलं की मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस. तो म्हणाला की तू इतकी खूश होतीस.

मी रडले. तो जवळ बसला, पण नको रडू असं म्हणाला नाही. ते बरोबरच होतं.

रोपवाटिका वाईट नाही म्हणाला. पण ती तू घेतलेली आहे, मी नाही. हा हंगाम तांडेलाकडे काढतो, मग काय ते मीच त्याला सांगतो. मग टेकडीवर जाऊन, जिथे रेंज येते तिथून, त्याने तांडेलाला फोन लावला. बोट बंदरात होती. मी शेजारीच उभी होते. तांडेलाने आधी विचारलं की बायकोची परवानगी आहे का, नाहीतर तिला फोन दे. मागे सगळे खलाशी हसल्याचं मला इथवर ऐकू आलं. मी फोन घेतला आणि सांगितलं की त्या दिवशीचा शब्द माझा होता, उमेशचा नव्हता. तांडेलाने मागच्या हसणाऱ्यांना गप्प केलं. मग म्हणाला की हा नवा पोरगा रांधतो ते मांजरसुद्धा खात नाही, लवकर पाठव.

काल तो गेला. जिवलीआईंनी नाचणीच्या भाकरी बांधून दिल्या आणि मला म्हणाल्या की मास्तरीण, चल, नाक्यापर्यंत मीपण येते. कधी येत नाहीत. तलासरी नाक्यावर वापीच्या गाडीची वाट बघत आम्ही तिघं उभे राहिलो. पाड्यावरच्या त्या दोघींना काय उत्तर द्यायचं ते मला आता माहीत आहे. पण ते ऐकून त्या माझ्यावर खूश होणार नाहीत.

तो मेमध्ये येईल. तेव्हा तांडेलाला काय सांगेल, कोसबाडला जाईल की पुन्हा बोटीवर, मला माहीत नाही. गाडी आली, तो चढला, खिडकीशी बसला. काच वर सरकवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी विचारणार असं त्याला वाटलं असावं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. गाडी सुटेपर्यंत मी नाही विचारलं.

जतीनना नमस्कार. तुमचा वारा अनुकूल असो, आणि पत्र पोचायला कितीही दिवस लागोत, तुझा लोभ मधे कुठल्या बंदरात अडकू नये.

तुझी,
संगिता