झावळ्यांची रेघ

पप्पा, तुम्हाला जाऊन आता सोळा वर्षं होतील, आणि त्या वाळूच्या टेकडीबद्दल मी तुमच्याशी एकदाही धड बोललो नाही. तुम्ही समोर होतात तेव्हा जीभ उचलली नाही, आणि आता कागद घेऊन बसलोय. तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे म्हणूनच हिंमत होतेय, हेही आधीच सांगून टाकतो. ज्या नजरेच्या जोरावर तुम्ही आयुष्यभर भाकरी कमावलीत, ती नजर तुम्ही स्वतःच एका शुक्रवारी मोडीत काढलीत. त्या दिवशी काय झालं त्यातलं अर्धंच तुम्हाला ठाऊक होतं. उरलेलं अर्धं माझ्यापाशी पडून आहे.

तुम्ही ओमानमध्ये सूरला पहिल्यांदा गेलात ते लाकडी गलबतांच्या डागडुजीसाठी. आपल्या मालकाचं, अर्बाबचं, घराणंच गलबतं बांधणारं. त्या लोकांकडे नकाशा नाही, कागद नाही. मुख्य कारागीर एक डोळा मिटून फळीकडे बघतो आणि सांगतो, इथून एवढं तास. वसईहून आलेला एक सुतार ओळंबा न लावता दाराची चौकट सरळ उभी करतो हे अर्बाबनं पाहिलं आणि तुम्हाला सोडलंच नाही. पुढे गलबतांची कामं कमी झाली, त्यानं बिदियाच्या पलीकडे वाळवंटात पाहुण्यांसाठी कॅम्प काढला, आणि तुम्हाला तिकडे नेलं. नव्वदीच्या सुरुवातीला त्याच कॅम्पवर मी पिकअप चालवायला आलो. सव्वीस वर्षांचा, वसईत दोन नोकऱ्या सोडलेला, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री असलेला.

कॅम्पच्या मागची ती उंच टेकडी हीच आपली खरी कमाई होती. मस्कतच्या कंपन्यांतले गोरे साहेब गुरुवारी दुपारी यायचे, गाडीच्या टपावर जुन्या स्की बांधून. बर्फावर घासून निकामी झालेल्या स्की ते वाळूवर वापरायचे. पन्नाशी-साठीची माणसं, हातात दोन काठ्या, लांब लांब वळणं घेत डौलात खाली यायची. मग हळूहळू बोर्डवाले आले. एकाच रुंद फळीवर दोन्ही पाय पट्ट्यांनी आवळून आडवे उभे राहणारे, मस्कतच्या शाळांतले तरुण ऑस्ट्रेलियन मास्तर, सूरचे शबाब, म्हणजे तिथली तरणी पोरं, कुणीही. स्कीवाले म्हणायचे, हे लोक वाळू खरवडून ठेवतात आणि उताराच्या मधोमध बसकण मारतात. बोर्डवाले म्हणायचे, हे म्हातारे मागून ओरडत अंगावर येतात, टेकडी काय ह्यांच्या बापाची आहे? तिथे वर न्यायला काही साधन नव्हतं. अर्धा तास वाळूत पाय रुतवत चढायचं आणि मिनिटभरात खाली यायचं, त्यामुळे ते एक मिनिट कुणी नासवलं की माणूस डोक्यात राख घालून घ्यायचा. एकदा एका साहेबानं काठी उगारली, दुसऱ्यानं ती हिसकावून दूर फेकली, तेव्हा अर्बाब तुम्हाला म्हणाला, "उस्ताद, एक आदमी और गिरा तो टेकडी बंद. लाइन तुम्हारा काम."

आणि तुम्ही रेघ आखलीत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत खजुराच्या झावळ्या रोवून, केळीच्या बागेला कुंपण घालावं तशी. एका बाजूला स्की, एका बाजूला बोर्ड. वाऱ्यानं वाळू सरकायची म्हणून रोज सकाळी, कधी दिवसातून दोनदा, तुम्ही पायथ्याशी उभं राहून एक डोळा मिटायचात आणि हातानं मला खुणा करायचात, डावीकडे, अजून, बस. सुतळी लावा म्हटलं तर तुम्हाला राग यायचा. माथ्याच्या जरा खाली एक खोलगट जागा होती, वरून येणाऱ्याला ती दिसत नसे. रेघ अशी जायची की तो खोलगा स्कीवाल्यांच्या बाजूला राहील, कारण ते तिथे थांबत नसत, सरळ पार व्हायचे. बोर्डवाल्यांना मात्र तोच खोलगा हवा होता. तिथे वारा लागत नाही, निवांत बसून पट्टे आवळता येतात, आणि पुढचा उतार टेकडीवर सगळ्यात तिखट.

मी बोर्डवाल्यांच्या बाजूचा झालो होतो हे तुमच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. सूरच्या शबाबनी मला शिकवलं होतं आणि मी बरा उतरायला लागलो होतो. तुम्ही मस्कतजवळ रुवीच्या चर्चमधून मेणबत्त्यांची थोटकं आणून साहेबांच्या स्कीच्या तळाला घासून द्यायचात, बोर्डला मात्र कधी एक तुकडा दिला नाहीत. त्यावरून मी एका दुपारी तुमच्या शेडमध्ये येऊन भांडलो, ते आठवतं?

"पप्पा, चांगली बाजू तुम्ही त्यांनाच देता. ते मास्टर मास्टर करतात ना तुम्हाला, म्हणून."

तुम्ही रंधा थांबवला नाहीत. "बाजू चांगली-वाईट नसते. वरच्याला खालचा दिसतो की नाही, एवढंच मी बघतो."

"आमचे लोक पण गेस्टच आहेत."

"आमचे?" तेव्हा रंधा थांबला. "तू ड्रायव्हर कुणाचा रे? कॅम्पचा की त्या फळकुटांचा? एक रेघ सरळ मारून दाखव आधी आयुष्यात, मग मला शिकव."

दारात कॅम्पचा स्वयंपाकी उभा होता, तो फिस्सकन हसला. ते हसणं मला फार झोंबलं. मी आठवडाभर तुमच्याशी कामापुरतं बोललो, आणि तुम्हीही मला समजवायला आला नाहीत.

मग तो गुरुवार. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या सुट्टीला, रुवीला मिस्सा होती, तुम्ही वादी अदाईला काकांकडे मुक्कामाला जाणार होतात. दुपारनंतर वारा फिरला म्हणून तुम्ही रेघ पुन्हा लावलीत, माझ्याऐवजी स्वयंपाक्याला मदतीला घेऊन. ऊन डोळ्यांत, खाली गाडीवाला हॉर्न मारतोय, आणि तुम्ही म्हणताय, थांब रे, वरची एक राहिली. निघताना तुम्ही शेडमधून एक फळी आणून माझ्या हातात दिलीत. पातळ प्लायचे थर चिकटवून, गलबताची फळी वाकवतात तशी वाफेवर पुढचं टोक उचललेलं, तळाला ओट्यासारखं गुळगुळीत लॅमिनेट. माझ्या पायांचं माप तुम्ही कधी घेतलंत कोण जाणे. वर पेपरात गुंडाळलेली मेणबत्तीची थोटकं. "पाय मोडून घेऊ नको," तुम्ही म्हणालात. "आणि रेघेच्या आत राहायचं." एवढं बोलून तुम्ही गाडीत बसलात.

त्या फळीनं मी विरघळायला हवा होतो, पप्पा. उलट मला वाटलं, म्हातारा नरमला. आता थोडं रेटलं तर चालून जाईल. शबाबना मी आधीच बढाई मारून ठेवली होती की ह्या शुक्रवारी खोलगा आपला. सकाळी उजाडता उजाडता मी वर चढलो आणि वरच्या अकरा झावळ्या उपटून वीस पावलं उजवीकडे, खोलग्याच्या पलीकडे रोवल्या. खालच्या तशाच ठेवल्या, कॅम्पवरून बघणाऱ्याला काही कळू नये म्हणून. न्याहारी होईपर्यंत वाऱ्यानं जुनी भोकंही बुजवली, माझी पावलंही.

पहिली फेरी माझी होती. मी खोलग्यात बसून तुमच्या फळीचे पट्टे आवळतोय, मान खाली, आणि वरून वाळू खरवडल्याचा आवाज येतो. तो तुमचा म्हातारा स्विस होता, तुम्हाला मास्टर म्हणायला ज्यानं सुरुवात केली तो. झावळ्या आपल्या डाव्या हाताला ठेवून तो नेहमीसारखा माथ्याकडे गेला होता, पण त्याला उरलेली वाट अरुंद होती आणि पहिलं वळण त्याला झावळ्या ओलांडून खोलग्यात घेऊनच आलं. मी दिसलो तेव्हा आमच्यात दोन हातांचं अंतर असेल. मला चुकवायला त्यानं अंग टाकलं, स्की माझ्या फळीत अडकली, आणि तो खाली घरंगळत गेला. मांडीचं हाड मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही. पिकअपमध्ये मागे गादी टाकून मी त्याला हॉस्पिटलात नेत होतो तर तो पूर्ण वेळ एकच विचारत होता, माझा चष्मा कुठे आहे. शुद्धीवर असलेला माणूस इतकं साधं काहीतरी विचारत राहतो ह्याची मला फार भीती वाटली.

दिवस मावळायच्या आत तुम्ही परत आलात. गाडीतून उतरून तुम्ही सरळ पायथ्याशी गेलात, चर्चचे कपडेही न बदलता. एक डोळा मिटलात. बराच वेळ बघितलंत. मग तो उघडून दुसरा मिटलात.

"वाकलीय," तुम्ही म्हणालात. "वरती वाकलीय. मी काल लावली तशीच आहे ना ही? कुणी हात लावला?"

"कोण लावणार?" मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही, मी फक्त प्रश्न विचारला, अशी समजूत मी पुढे कित्येक वर्षं स्वतःची घालत होतो. माझ्यासारख्या माणसाला असले बारकावे बरे सुचतात.

अर्बाब खुर्ची टाकून ऑफिसच्या बाहेर बसला होता. पोलीस येऊन गेले होते. तुम्ही त्याच्यासमोर उभे राहिलात आणि कुणी काही विचारायच्या आधी म्हणालात, लाइन गलत मैंने लगाया. अर्बाबच्या घरात पिढ्यान् पिढ्या डोळ्यानं गलबतं बांधणारी माणसं, त्याला ह्या वाक्याचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळला. "तुम्हारा आँख खलास, उस्ताद?" त्यानं विचारलं, रागानं नव्हे. तुम्ही म्हणालात, "हां अर्बाब. खलास." मी चार पावलांवर उभा होतो. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. पण पोलीस, व्हिसा, शबाबसमोर जाणारी इज्जत, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं आणि मी पिकअपमधली गादी उतरवायला वळलो. मी भेकड होतो, पप्पा, ह्याला दुसरा शब्द नाही.

अर्बाबनं तुम्हाला काढलं नाही हे लोकांना आजही खरं वाटत नाही. तो म्हणाला, टेकडी सोडा, दारं-खिडक्या करत बसा. तुम्हीच ऐकलं नाहीत. ज्याला सरळ दिसत नाही त्यानं करवत धरू नये, हे तुमचं म्हणणं. मी तुम्हाला मस्कतला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तो म्हणाला वयाच्या मानानं उत्तम आहेत, वाचायला चष्मा घ्या. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "त्याला काय कळतंय." महिन्याभरात तुम्ही व्हिसा रद्द करून घेतलात. विमानतळावर तुमची हत्यारांची पेटी नव्हती. ती तुम्ही स्वयंपाक्याला देऊन आला होतात. तुमची फळी मी सूरच्या एका मित्राला देऊन टाकली आणि पुन्हा बोर्डवर पाय ठेवला नाही. टेकडी मात्र बंद झाली नाही. अर्बाबनं झावळ्या लावायचं काम मला दिलं, आणि पुढची नऊ वर्षं मी ते केलं, सुतळी लावून. खोलगा कुणाला दिला नाही. स्कीवाले आणि बोर्डवाले भांडत राहिले, मी दोघांच्याही शिव्या खाल्ल्या, आणि पुन्हा कुणी पडलं नाही.

वसईत तुम्ही काय करायचात ते मम्मी फोनवर सांगायची. खिळा ठोकायचा तरी तिला हाक मारायचात, बघ गं, सरळ आहे का. शेजारचे चौकटीचं काम घेऊन आले तर म्हणायचात, माझी नजर गेली. तिला वाटायचं वय झालं. मी फोनवर हं हं करायचो.

तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या नाताळात मी सुट्टीवर आलो होतो. घरातल्या अल्तारासाठी नवी फळी बसवायची म्हणून तुम्ही भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती आणि माझी वाट बघत थांबला होतात. "बघ रे," तुम्ही म्हणालात, "मला भरवसा नाही." मी मागे सरकलो, तुमच्यासारखा एक डोळा मिटला. इतकी सरळ रेघ मी पुन्हा कुठे पाहिली नाही. सरळ आहे म्हटलं असतं तर तुम्ही वळून माझ्याकडे बघितलं असतं. नजर जर शाबूत, तर मग त्या शुक्रवारी काय झालं, हे तुम्हाला तिथल्या तिथे सुचलं असतं. मी म्हणालो, "उजवीकडे जरा उतरलीय." तुम्ही मान हलवलीत, जणू माहीतच होतं. अंगठ्यानं रेघ पुसलीत आणि मी बोट ठेवलं तिथून दुसरी मारलीत.

ती फळी अजून तिथेच आहे. मेणबत्तीचं मेण नेहमी एकाच बाजूला ओघळतं. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, शेवटी शेवटी म्हाताऱ्याला दिसत नव्हतं वाटतं, आणि मी त्यांना चहा पुढे करतो. परवा बायको म्हणाली, सुतार बोलावून एकदाची नीट करून घेऊ. मी म्हटलं राहू दे, पप्पांच्या हातचं आहे. तिचे डोळे पाणावले. मी तेही चालवून घेतलं.

हा कागद मी घडी घालून तुमच्या पेन्सिलीबरोबर खणात ठेवणार आहे. बायकोला दाखवेन असं वाटत नाही. रेघ सरळ होती, पप्पा. दोन्ही वेळा.