भन्तेजींच्या पाण्याची रांग

प्रिय पिकुन,

सगळ्यांच्या आधी कोण उगवली असेल? आपली शेजारीण थोंगमुआन! इस्पितळाची माणसं आमच्या शेतकरी बायकांच्या गटाचा औषधी गांजा तपासायला येणार होती, तर ही कोंबड्याबरोबर ठेवणीतलं रेशीम नेसून हजर. मी म्हटलं, "अगं, तुला बघायला येतायत का?" तर म्हणे, "पीक नाही पसंत पडलं तर मला तरी करतील!" हसलो खूप, पण दोघींनाही ठाऊक होतं, बुरशीचा माल औषधाला चालत नाही. पहिलंच पीक परत गेलं की गटाचा परवानाही गेला.

त्यांच्यातल्या मोठ्या बाई वारुणी म्हणून, तुझ्या आईच्या वयाच्या. आधी जेवायला बसवलं. पपईची कोशिंबीर अशी झणझणीत झालेली की त्यांचा ड्रायव्हर रडला. असो.

बाई पहिल्याच रांगेत एका भरगच्च तुऱ्यापाशी थांबल्या. भोवतीची पानं हिरवीगार आणि मधलं एकच इवलं पान वाळकं. ओढलं तर अलगद हातात आलं. तुरा उलगडला तर आत तपकिरी लगदा, त्यावर राखाडी लव! अशी सहा-सात झाडं निघाली, आणि सगळी त्याच रांगेत. "या रांगेला वेगळं काय केलंत?" बाईंनी विचारलं. थोंगमुआनच बोलली, "भन्तेजींचं मंतरलेलं पाणी शिंपडलं, रोज."

पावसाळ्याचा वर्षावास संपल्यावर विहारातल्या भन्तेजींनी शेतात पाठ म्हटला, त्याचं घडाभर पाणी उरलं होतं. पवित्र पाणी, ओतून कसं द्यायचं? पुढची रांग सोयीची, म्हणून रोज तिच्याच तुऱ्यांवर. आधीच पहाटेचं दव, त्यात आमची भक्ती! बाई इतक्या हसल्या की खाली बसल्या. मग उठून कामाला लावलं. कुजका तुरा खाली चांगल्या देठापर्यंत कापायचा, न हलवता पिशवीत घालून शेताबाहेर न्यायचा, कात्री दरवेळी स्पिरिटने पुसायची. खालची दाट पानं काढून वारा खेळता ठेवायचा, सकाळी फांद्या हलवून दव झाडायचं, वर प्लास्टिकचं छप्पर घालायचं, पाणी फक्त मुळाशी. भन्तेजींच्या कानावर गेलं तर म्हणाले, "बरं झालं, पुढच्या वेळी मुळांनाच आशीर्वाद देतो."

बाकीच्या रांगा उघडून-उघडून पाहिल्या, सगळ्या निकोप. बाई म्हणाल्या, तोडणीआधी अजून एकदा बघू आणि शिक्का मारू. मी रोज फिरते गं, एकही वाळकं पान नाही. शिक्का बसणारच.

आता खरं सांगते, हे कशाला लिहिलं. पीक पास झालं तर रायोंगच्या कारखान्यातली नोकरी सोडून घरी येईन, असं तू आईला फोनवर म्हणालीस. आजीला सांगू नको म्हणालीस, म्हातारी आस लावून बसेल. तुझी आई फोनवर किती मोठ्याने बोलते, ठाऊक नाही का तुला? लावलीय आस. तुझी मच्छरदाणी धुऊन वाळत घातलीय. साहेबाला आजच सांगून टाक आणि आधीच ये. ती माणसं परत येणार आहेत लॉय क्रथोंगचे दिवे नदीत सोडले की दुसऱ्या दिवशी, गुरुवारी.

तुझीच, आस लावून बसलेली,
खामपुन आजी