बाबांची तिरकी गाडी

मलकपेठ, हैदराबाद
८ फेब्रुवारी २०१५

ती. दादास,
तारामतीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर आपण दोघं ओरडतो आणि मग दोन महिने बोलत नाही, म्हणून हे पत्र. बाबांनी ऐकू नये हाही हेतू.

गेल्या महिन्यात बाबा फियाटखाली शिरले आणि कंबर धरल्यामुळे तिथेच अडकले. मी ऑफिसात. घरी आले तर गाडीखालून दोन पाय दिसत होते. दीड तास ते तसेच पडून होते, आणि मला म्हणाले काय, तर आधी चहा ठेव. डॉक्टरांनी जमिनीवर झोपून काम करायला बंदी केली आहे. तेव्हापासून ते ओट्यावर बसून असतात, वर्तमानपत्रसुद्धा उघडत नाहीत. मला ते पाहवत नाही.

म्हणून गॅरेजात गाडी उचलायची लिफ्ट बसवायचं ठरवलं आहे. गाडी वर, बाबा खाली उभे. दिलसुखनगरच्या दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. कात्रीसारखी उघडते ती फरशीवर नुसती ठेवता येते, पण गाडीच्या पोटाशी मधोमध तिचंच लोखंड येतं. दुसरी दोन खांबांची. तिच्यात खालचा सगळा भाग मोकळा राहतो. बाबा ऐकायलाच तयार नाहीत. कात्रीची नक्को, दोन खांबांचीच पाहिजे, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

मात्र ते खांब बोल्टने जमिनीत आवळतात. सगळा भार दोन पावलांवर. निदान सहा इंच काँक्रीट हवं, असं दुकानदार म्हणतो. जुना पाण्याचा हौद गॅरेजाखालीच होता. तो २००६ साली तू भरून घेतलास. वर काँक्रीट किती टाकलं, तेवढं कळव. बाबा गाडी अजून भिंतीला चिकटवून तिरकी लावतात. खांब बसल्यावर तरी सरळ लावतील.

तुझी,
तारा


कर्नूल
१५ फेब्रुवारी २०१५

चि. तारास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. शहात्तर वर्षांच्या माणसाला कसली लिफ्ट घेऊन देतेस? त्यांना गाडी सरळ लावता येत नाही, वय झालं हे तुला कधी दिसणार? गाडी विकून टाक. हट्टच असेल तर कात्रीची घे. ती चांगली. जमीन खोदायला नको, बोल्ट नकोत, उद्या नको झाली तर उचलून बाजूला ठेवता येते. दोन खांबांची मुळीच घेऊ नकोस. हे मी इंजिनियर म्हणून सांगतो आहे.

तू तिथे आहेस म्हणून सगळं तूच ठरवायचंस असं नाही. राज्य फुटून तेलंगण वेगळं झालं तेव्हा मी कर्नूलची बदली मागून घेतली, हे तू किती वर्षं ऐकवणार आहेस?

मुलं ठीक. बाबांना नमस्कार.

तुझा,
दादा


मलकपेठ
२१ फेब्रुवारी २०१५

ती. दादास,
जय भीम.

लिफ्टवर भरभरून लिहिलंस, जमिनीवर एक अक्षर नाही. मी विचारलं होतं ते फक्त जमिनीचं. सहा वेळा फोन केला, तू उचलला नाहीस.

मग मी २००६ ची डायरी काढली. अकरा मेच्या पानावर लिहिलं आहे: दादाने हौद भरला, तीन ट्रॉली मुरूम पडला. दुकानदाराच्या कागदावर जमीन भरीव असल्याची सही मी याच ओळीवर विसंबून केली. काल तेच पान पुन्हा वाचलं. वरच्या बाजूला माझ्याच अक्षरात आहे की त्या सकाळी मी काचीगुड्याहून नांदेडची गाडी धरली. म्हणजे मी तिथे नव्हतेच. परत आल्यावर तू जे सांगितलंस ते मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहून ठेवलं. डायरीत खोटं लिहीत नाही, असा माझा गर्व होता. तुझ्यावर रागावण्याआधी स्वतःवर रागावले. आता तुझी पाळी.

आठ मार्चला माणूस भोकं पाडायला येणार आहे. त्यानंतर बाबा वर टांगलेल्या गाडीखाली उभे राहतील. खाली काय आहे, ते लिही. कर्नूलला बढती मिळाली, बंगला मिळाला, मी एका शब्दाने बोलले नाही. या वेळी बोलेन, आणि वहिनीच्या देखत बोलेन.

तारा


कर्नूल
२६ फेब्रुवारी २०१५

चि. तारास,

माणसाला येऊ देऊ नकोस.

मुरूम एकच ट्रॉली पडला. मजूर दुसऱ्या दिवशी आले नाहीत आणि माझी रजा संपत होती. हौदाच्या तोंडावर शहाबादी फरश्या टाकल्या, वर दोन इंच सिमेंट, वर टाइल्स. खाली पोकळ आहे. दिवाळीला येऊन नीट करीन असं ठरवलं होतं. दिवाळीला आलो तर बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, माझ्या पोराने एकट्याने काम काढलं. मग तोंड उघडलं नाही. दरवर्षी उघडणं जास्त कठीण होत गेलं.

लोकांच्या पुलांच्या बांधकामात खोट निघाली की मी शेरे मारतो. तुझे फोन उचलायची हिंमत नव्हती. माझी मुलं मराठी वाचत नाहीत याचं मला वाईट वाटायचं. आज तेवढंच बरं वाटलं.

बाबांना सांगू नकोस, एवढं कर.

दादा


मलकपेठ
३ मार्च २०१५

चि. तातेरावास,
नागोरावाचे आशीर्वाद.

तुझी पत्रं ताराने शेवटी माझ्यापुढे ठेवली. हे शेवटचं तिने मोठ्याने वाचलं, आणि वाचताना तिचा आवाज असा चढला की गल्लीतली माणसं थांबली.

डेपोत मी अडतीस वर्षं लोखंड वाजवून त्यातली चीर ओळखली. घरची फरशी ओळखणार नाही? तू गेलास त्याच आठवड्यात हातोडी घेऊन वाजवली. तेव्हापासून गाडी तिरकी लावतो, म्हणजे चाक त्या जागेवर यायला नको. तुझी पोरं सुट्टीत यायची तेव्हा मी तिथे कुंड्या मांडायचो. तुम्ही दोघं हसायचात, म्हातारा झाला म्हणायचात. हसू दिलं.

वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. नऊ वर्षं वाट पाहिली. आता माझ्याकडे आणखी नऊ नाहीत. दोन खांबांचीच लिफ्ट पाहिजे हा हट्ट मी उगाच धरला नव्हता. कात्रीची घेतली असती तर जमिनीचं कुणी विचारलंच नसतं.

मला तुझा राग आहे तो हौदासाठी नाही. सगळं ठाऊक असून शेजाऱ्यांना मी तुझी बढाई सांगत होतो ते तू ऐकलंस, आणि मला खोटं बोलू दिलंस, त्याचा आहे.

दुकानदाराला थांबवलं आहे. घण आणून ठेवला आहे. फरश्या तू फोडायच्या, मुरूम तू भरायचा, काँक्रीट तुझ्यासमोर पडेल, आणि अठ्ठावीस दिवस त्यावर पाणीही तूच मारायचं. रजा मोठी काढ. लिफ्टवर गाडी पहिल्यांदा चढेल तेव्हा तिच्याखाली आधी तू उभा राहशील. मग मी येईन.

पत्राचं उत्तर नको. ये.

नागोराव