कापून टाकलेले ठोके

प्रिय दादा,

हे पाकीट हातात पडल्यावर तू आधी वहिनीला हाक मारणार आणि म्हणणार, "बघ गं, मास्तरणीचा फोन बिघडला वाटतं." फोन बिघडलेला नाही. कालपासून कितीदा तरी तुझा नंबर काढला आणि फोन परत ठेवून दिला. तू एक विनोद करणार, मी हसणार, आणि विचारायचं ते राहूनच जाणार. तुझ्याशी बोलताना माझं नेहमी असंच होतं. म्हणून लिहितेय. अक्षर मोठं काढलंय, ओळी सुट्या ठेवल्यात. भट्टीपाशी उभ्या उभ्या वाचू नकोस, कुठेतरी बस. मधेच अक्षर वाकडं गेलं तर चालवून घे.

पुढच्या महिन्यात शेठच्या पैशांतून तुझं नवं रेस्टॉरंट उघडणार, दारावरच्या पाटीवर तुझं नाव लागणार, आणि त्याच आठवड्यात माझ्या कार्यक्रमात तुझी मुलाखत लागणार, असं ठरलं होतं. ती मुलाखत मी थांबवलीय. ऑफिसात सांगितलं, आवाजात दोष आहे. तसं म्हटलं तर खोटं नाही. पण मला क्रमाने सांगू दे, नाहीतर माझाच गोंधळ उडेल.

मी रेडिओवर काय करते हे तू शेजारपाजाऱ्यांना अजून "ती बातम्या वाचते" असंच सांगतोस. बातम्या नाही वाचत रे. रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या माणसांना गाठते, त्यांना बोलतं करते, ते रेकॉर्ड करते, आणि मग खुर्चीत बसून नको ते आवाज कापून टाकते. पंखा, खोकला, पडलेलं भांडं. जे उरतं ते लोक ऐकतात. कोणाचं वाक्य कापताना अर्थ बदलत नाही ना, हे मी पुन्हा पुन्हा तपासते. माझे साहेब म्हणतात, "तू रेडिओत आहेस, कोर्टात नाहीस." पण आपल्या घरात पहिल्यांदा कोणाच्या तरी शब्दावर लोक विश्वास ठेवतायत, तो विश्वास मला सांभाळावा लागतो.

या कामात मला धक्के बसत नाहीत असं नाही. एका मोठ्या हॉटेलच्या शेफने हसत हसत सांगितलं की मेनूवर "आचाऱ्याची खास शिफारस" म्हणून जे छापतात, ते बहुतेक वेळा फ्रिजमध्ये उरलेलं असतं. मी घाबरून आणखी दोघातिघांना विचारलं. ते म्हणाले, "एवढंही माहीत नाही? मग मुलाखती कसल्या घेता?" दिवसभर बारीक आचेवर सॉस आटवणारी एक बाई घरी गेल्यावर फक्त उकडलेलं अंडं खाते, तेही मिठाशिवाय, म्हणते, जिभेला कोणी हाक मारू नये असं वाटतं. आणि वाढप्यांवर देखरेख करणारे एक म्हातारे कॅप्टन, त्यांचं तर तुला सांगायलाच हवं. ते गिऱ्हाईक दारातून आत येताना त्याची चाल बघतात. भांडून आलेलं जोडपं असलं की आधी सूप पाठवायचं. "तोंडात चमचा असला की माणसाला भांडता येत नाही, ताई." असं सगळं ऐकून आल्यापासून माझं बाहेर जेवणंच बंद झालंय.

या माणसांना मी तुझी बहीण आहे हे सांगत नाही. तुझं नाव मोठं आहे. सांगितलं तर ती माझ्याशी तुझ्याबद्दल गोडगोड बोलतील, आणि ते मला बरोबर वाटत नाही. त्यामुळेच परवा जे कानावर पडलं ते पडलं.

तुझ्याकडे पूर्वी गोड पदार्थ करणाऱ्या ताई आठवतात ना, ज्या सोडून गेल्या? त्यांची आता स्वतःची बेकरी आहे. मी गेले तेव्हा कोपरापर्यंत पिठात होत्या. पीठ आत जाऊ नये म्हणून मी माईकला रुमाल गुंडाळला, तर म्हणाल्या, "त्याला पण ॲप्रन घातलास का?" मोठ्या मनाची बाई. शेवटी मी सगळ्यांना विचारते तो प्रश्न त्यांनाही विचारला, की स्वयंपाकघरातलं असं काय आहे, जे जेवणाऱ्याला कधीच कळत नाही? त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "आमचा जुना उस्ताद! त्याला ना वास येतो, ना चव कळते."

मला गंमत वाटली. त्या म्हणाल्या, "अगं, खरंच सांगते. फ्रीजरसमोर ओल्या फरशीवर पाय सटकला, डोकं मागून आपटलं. जखम भरली, पण नाक गेलं ते गेलंच. जीभही त्याच्या मागोमाग गेली. काहीही तोंडात घातलं तरी ओला पुठ्ठा, असं तो स्वतःच सांगायचा आम्हाला. पण हात बघ त्याचा! सॅलड कापणारी मावशी त्याच्या शेजारी उभी. ती चाखणार आणि पातेल्याच्या काठावर चमचा वाजवणार. एक ठोका म्हणजे काहीतरी कमी, दोन म्हणजे काहीतरी जास्त, तीन म्हणजे जमलं, उतरव. सगळ्या किचनला माहीत होतं." मी विचारलं, मालकाला? "मालक जेवतो, बाई. त्याला कशाला कळतंय?" मग मी विचारलं, कोणता उस्ताद? दादा, मला तोवर कळलं होतं. तरी विचारलं. त्यांनी तुझ्या रेस्टॉरंटचं नाव घेतलं, आणि वर म्हणाल्या, "काम करताना सारखा शीळ घालतो तो." मग माझ्याकडे बघून थांबल्या. "तोंड का गं पांढरंफटक पडलं? पीठ उडालं का?"

त्यांना मी आपलं नातं सांगितलं. पिठाच्या पोत्यावर बसल्याच त्या. "मेले मी," म्हणाल्या, आणि पिठाच्या हातांनीच माझा हात धरला. रेकॉर्डर चालूच होता. तो भाग मी कोणालाही ऐकवणार नाही.

घरी न जाता मी तशीच ऑफिसात गेले आणि तुझी मुलाखत काढली, न कापलेली. तुला आठवतं, तुझ्या किचनमध्ये उभी राहून रेकॉर्ड केली होती. ती साफ करायला माझी एक अख्खी दुपार गेली होती, कारण कोणीतरी सारखं भांड्यावर चमचा आपटत होतं. मी चिडून एकेक ठोका शोधून काढला होता, आणि जागा जोडताना इतकी काळजी घेतली होती की साहेबांनी पाठ थोपटली. आता ते सगळं परत ऐकलं. एक ठोका, लगेच तुझा आवाज, "जरा मीठ." दोन ठोके, "पाणी वाढव रे." तीन ठोके, "उतरव." मधेच मी विचारतेय, "दादा, चव नाही बघितलीस?" आणि तू थाटात, "मास्तरणी, उस्ताद चाखत नाही, उस्तादाला कळतं." या वाक्याने मी कार्यक्रमाची सुरुवात करणार होते. त्याच्या आधीचे तीन ठोके मीच माझ्या हाताने कापले होते.

मी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ऑफिस रिकामं होतं.  एकामागोमाग सगळंच आठवायला लागलं. तुझ्या डोक्याला पट्टी होती तेव्हा माझी परीक्षा चालू होती. तू म्हणालास, "डॉक्टरांनी डोकं उघडून बघितलं, आत काही नाही म्हणाले," आणि मी हसून अभ्यासाला बसले. पहिल्या पगारात तुला लिंबाच्या वासाचे साबण आणले होते. तू खोल श्वास घेतलास आणि म्हणालास, "वा, गुलाब!" मी तुला संध्याकाळभर चिडवलं. वहिनी पण हसली, पण ती आधी तुझ्याकडे बघून मग हसली. ते मी पाहिलं होतं, दादा. पाहूनही मला काही सुचलं नाही. आणि घरी तू भाजी करत असताना वहिनी पळी झाकणावर आपटते, त्यावर मी तिला विचारलं होतं की बँडमध्ये जायचा विचार आहे का!

आणि गॅस. मागच्या वेळी मी आले तेव्हा जिन्यातच गॅसचा वास आला. तू आत शीळ घालत उभा होतास, हातात लायटर. मी किंचाळले. धावत खिडकी उघडली, बटण बंद केलं. तू म्हणालास, "मास्तरीण आली की आधी ओरडतेच." वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला झापलं. बटण उघडं कसं राहतं, एवढंही लक्ष नाही का म्हणून. तिने उठून ते बटण पुन्हा एकदा तपासलं. त्या क्षणी तिच्या मनात काय चाललं असेल, याचाच विचार मी परवापासून करतेय.

मला राग पण आलाय. तुला आवडणार नाही, पण लिहून टाकते. मी शाळेतून आले की तू भांडी घासता घासता माझं पुस्तक उघडायला लावायचास, आणि मी तुला एकेक अक्षर दाखवायचे. तेव्हापासून मी मास्तरीण. मग हा एवढा मोठा धडा तू मलाच का नाही सांगितलास? किचनमधल्या सगळ्यांना माहीत, बेकरीवाल्या ताईंना माहीत, वहिनीला माहीत. परीक्षा होती म्हणून तेव्हा सांगितलं नाहीस, समजू शकते. मग नोकरी लागायची होती. मग लागली. मग काय होतं? मी अनोळखी माणसांपुढे माईक धरून विचारते की कोणाला न कळलेलं सांगा, आणि माझ्याच ताटात काय वाढलंय ते मला माहीत नाही.

पण रागापेक्षा भीती जास्त आहे. नव्या ठिकाणी शेठनी सगळी माणसं स्वतः निवडलीत. मावशी येणार नाही, हे वहिनीने मागे फोनवर सांगितलं होतं, अगदी खालच्या आवाजात. मी म्हणाले, "भाजी कापायला काय, दुसरी मिळेल." आता कळतंय तिने लगेच फोन का ठेवला. तू अनोळखी किचनमध्ये अनोळखी माणसांत उभा राहणार. एखाद्या दिवशी मासा खराब निघेल, तुला कळणार नाही. दूध नासलेलं असेल. कोणीतरी घरी जाऊन आजारी पडेल, एखादं लहान मूल असेल. किंवा सकाळी सगळ्यांच्या आधी तू दार उघडशील, आत गॅस भरलेला असेल, आणि तू शीळ घालत लायटर शोधशील. त्यापुढचं मला लिहिता येत नाही.

शेठना मी सांगणार नाही. ते तुझं आहे, मला तो अधिकार नाही. पण "उस्ताद चाखत नाही" हे वाक्य मी लोकांना ऐकवणार नाही, तू माझा भाऊ असलास तरी. मला माहीत आहे, सांगितलंस तर पाटी कदाचित उतरेल. मी हे हलकं समजत नाहीये. बेकरीवाल्या ताई मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मावशी आली तरच मी येईन, एवढं शेठला सांगायला त्याला काय धाड भरलीय? त्याच्या हाताला तोड नाही, आणि मावशीच्या जिभेला. दोघं मिळून एक उस्ताद, त्यात लाज कसली? एकट्याने जायला घाबरत असेल तर मी येते बरोबर." मला वाटतं, तुला लाज नाही वाटत, तुला सवय झालीय. आम्हाला काळजी लागू नये म्हणून एकदा खोटं बोललास, आणि मग ते खोटं रोज चुलीवर ठेवावं लागलं.

पाकिटात दोन वस्तू आहेत. एक लहानसं यंत्र, गॅस सुटला की बोंब मारतं. ते आजच लाव, वहिनी सांगेल तिथे. दुसरी, पेनड्राइव्हवर तुझी मुलाखत. मी ती पहिल्यापासून पुन्हा जोडलीय आणि मावशीचे सगळे ठोके जिथल्या तिथे ठेवलेत. खरं सांगू, अशी ती जास्त छान वाटते. दोन माणसं एकमेकांशी बोलत असल्यासारखी. ती वहिनीला शेजारी बसवून ऐक. तू शेठना सांगितलंस, आणि मावशी हो म्हणाली, तर ती अशीच लागेल, आणि ठोके कसले ते तू तुझ्या तोंडाने सांगशील. नाहीतर ती लागणारच नाही, आणि त्यावर मी तुझ्याशी कधी वाद घालणार नाही. यासाठीच हे एवढं लिहिलं. रविवारी दुपारी मी फोन करीन. काही बोलू नकोस, बोललास की विनोद करशील. पातेलं जवळ घे. एकच ठोका वाजवलास तर मी समजेन की तुझ्या मनाची तयारी अजून थोडी कमी आहे. मी वाट बघेन आणि पुढच्या रविवारी पुन्हा फोन करीन. दोन वाजवलेस तर समजेन की मी जास्त बोलले, आणि माफी मागेन, पण फोन करायचा थांबणार नाही. तीन वाजवलेस तर मी त्याच संध्याकाळी पिशवी भरून येते. शेठकडे आपण तिघं जाऊ, तू, मावशी आणि मी. मी फोन कानाला घट्ट धरून बसेन. या वेळी एकही ठोका कापणार नाही.

तुझीच,
मास्तरीण